शिकवणाऱ्याचे गणित

४०२ मधून १७८ वजा केले की २२४ उरतात. चौथीच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर लिहून पाहा. चार-दोन वह्यांमध्ये ३७६ हे उत्तर सापडण्याची दाट शक्यता आहे. हे उत्तर अंदाजपंचे ठोकलेले नसते. एककाच्या घरात २ आणि ८ होते. लहानातून मोठा जात नाही, म्हणून मुलाने ८ मधून २ काढून ६ लिहिले. दशकात ० आणि ७ होते, तिथे ७ आले. शतकात ४ मधून १ गेला, ३ राहिले. प्रत्येक घरात ‘मोठ्यातून लहान काढायचा’ हा एकच नियम त्याने न चुकता पाळला. नियम चुकीचा आहे. पण तो त्याने आणला कुठून? उसने घ्यायला शिकवताना ‘लहानातून मोठा जात नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा आपणच वर्गात पुन्हा पुन्हा उच्चारलेले असते.

अशा उत्तरापुढे शिक्षकाला तीन वाटा असतात. लाल शाईची फुली मारून पुढच्या वहीकडे वळणे ही पहिली. ‘शून्याकडे काही नाही, म्हणून शेजारच्या चारकडून उसने घे’ ही कृती पुन्हा एकदा घोकून घेणे ही दुसरी. तिसरी वाट थोडी लांबची आहे. मुलाला विचारायचे, ‘तुझ्या उत्तरात ते १७८ परत मिळव बरं, किती होतात?’ ५५४ होतात. ४०२ मधून काढलेले पुन्हा त्यात टाकले, तर ते ४०२ च्याही वर कसे गेले? इथे मूल थबकते आणि आपले उत्तर स्वतःच तपासू लागते. मग शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा करणे, त्यातली एक मोडून दहा सुटे करणे याला अर्थ येतो.

ही तिसरी वाट धरायला शिक्षकाजवळ काय असावे लागते आणि ते कसे कमावता येते, हा या पुस्तकाचा विषय आहे. तिसरी ते आठवीला गणित शिकवणाऱ्यांसाठी यात वर्गात करून पाहण्याजोगे उपक्रम आहेत. पण उपक्रमांची जंत्री देणे एवढाच हेतू असता, तर प्रस्तावनेची गरज नव्हती. उपक्रमांमागे एक भूमिका आहे आणि ती आधी मांडणे आवश्यक वाटते. गणिताचा शिक्षक घडतो तो मुलांच्या उत्तरांचा अभ्यास करून, स्वतः गणित करून आणि हे दोन्ही सहकाऱ्यांच्या सोबतीने करून. बाकीचे प्रशिक्षण याला पूरक आहे, पर्याय नाही.

शिक्षक-प्रशिक्षण हा आपल्याकडे नवा विषय नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, तालुक्याचे गट साधन केंद्र, विषय साधनव्यक्ती, केंद्रप्रमुख आणि केंद्राची शिक्षण परिषद अशी शाळेच्या दारापर्यंत पोचणारी रचना महाराष्ट्रात उभी आहे. २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हा राष्ट्रीय कार्यक्रम आला, ‘दीक्षा’ या मंचावर ऑनलाइन अभ्यासक्रम आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा नोंदवली. तासांची सोय झाली. त्या तासांत काय घडावे, हा प्रश्न शिल्लक आहे.

आजवरची पद्धत वरून खाली झिरपण्याची आहे. राज्यस्तरावर सुलभक तयार होतात, ते जिल्ह्याचे सुलभक तयार करतात, जिल्हा तालुक्याचे, आणि शेवटच्या पायरीवर वर्गात शिकवणारा शिक्षक असतो. या प्रवासात मजकूर पोचतो, पीपीटी पोचते, चहाबरोबर हजेरीपत्रकही फिरते. वरच्या पायरीवर झालेली चर्चा मात्र पोचत नाही. कुणीतरी घेतलेली शंका, त्यावरून पेटलेला वाद, ‘असं का?’ म्हणून कागदावर केलेली खाडाखोड हे सगळे तिथेच राहते. गणितात शिकण्यासारखे असते ते नेमके त्या खाडाखोडीत. शिवाय मूल्यमापनाच्या नोंदी, अध्ययन निष्पत्ती, ॲपवरची माहिती यांत दिवस संपतो आणि गणिताच्या प्रशिक्षणात प्रत्यक्ष गणित करायला फारच थोडा वेळ मिळतो. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ साठी नेमलेल्या गणित-शिक्षणाच्या अभ्यासगटाने मुलांच्या मनातली भीती आणि अपयशाची भावना यांच्याबरोबरच शिक्षकांची अपुरी तयारी आणि त्यांना न मिळणारा आधार यांनाही मूळ दुखण्यांत गणले होते. ते निदान आजही जुने झालेले नाही.

तयारी अपुरी म्हणजे पदवी अपुरी, असा अर्थ काढण्याचे कारण नाही. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये शिक्षकाजवळच्या एका वेगळ्या ज्ञानाकडे लक्ष वेधले. विषय येणे ही एक गोष्ट, शिकवण्याची सर्वसाधारण तंत्रे येणे ही दुसरी. या दोहोंच्या मधे तिसरे ज्ञान असते: या विषयातला हा भाग मुलांना का अवघड जातो, तिथे कोणत्या चुकीच्या समजुती घर करतात, कोणते उदाहरण दिले की गाठ सुटते आणि कोणत्या उदाहरणाने ती आणखी घट्ट बसते. हे ज्ञान एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात नसते आणि बी.एड.च्या पाठ टाचणातही सहसा नसते.

लिपिंग मा यांच्या १९९९ च्या पुस्तकाने हा मुद्दा आकड्यांनिशी पुढे आणला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांना चीनच्या खेड्यात जावे लागले आणि तिथे त्या प्राथमिक शाळेत शिकवू लागल्या. पुढे अमेरिकेत त्यांनी संशोधन केले. त्यांनी दोन्ही देशांतल्या प्राथमिक शिक्षकांना एक उदाहरण दिले: १ ३/४ भागिले १/२. उत्तर काढा, आणि या भागाकाराला शोभेल अशी एक गोष्ट सांगा. चीनचे ७२ च्या ७२ शिक्षक बरोबर उत्तरापर्यंत पोचले. अमेरिकेच्या २३ शिक्षकांपैकी अचूक आणि पूर्ण उत्तर ९ जणांचे आले. गोष्ट सांगताना तफावत आणखी वाढली. अमेरिकन गटात अर्थाने बरोबर बसणारी गोष्ट एकीलाच सुचली; बऱ्याच जणांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोघांत वाटणी केली. चीनमध्ये ६५ जणांनी योग्य गोष्टी सांगितल्या. लक्षात घेण्यासारखी बाब अशी की, शालेय-महाविद्यालयीन वर्षे मोजली तर अमेरिकन शिक्षक जास्त शिकलेले होते; चीनमधले बहुतेक जण नववीनंतर दोन-तीन वर्षांचे अध्यापक विद्यालय करून शाळेत रुजू झालेले होते. त्यांचे गणित नोकरीत असताना खोल झाले. पाठ्यपुस्तकाचा बारकाईने अभ्यास करणे, एकच उदाहरण अनेक रीतींनी सोडवणे, शाळेतल्या गणित-शिक्षकांच्या गटात नियमित बसणे, ही तिथली रोजची कामाची रीत होती.

हाच भागाकार मराठी वर्गात आणून पाहा. पावणेदोन किलो साखर आहे, अर्ध्या किलोच्या पुड्या बांधायच्या, तर किती पुड्या होतील? तीन पुऱ्या आणि एक अर्धी, म्हणजे साडेतीन. वाण्याच्या दुकानात बसणारे मूल हे तोंडी सांगते. फळ्यावर अपूर्णांकांच्या रेघा आल्या की तेच मूल गप्प होते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही अपूर्णांकांची भाषा आपल्या घराघरांत आहे. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच म्हणून घेत. त्या घोकंपट्टीचे गोडवे गाण्याची गरज नाही. पण सव्वा म्हणजे पाच पाव, हे ज्या मुलाला उमगले आहे त्याला ५/४ ची भीती वाटण्याचे कारण उरत नाही. शिक्षकाने हे दोन टोकांचे ज्ञान जोडून द्यायचे आहे.

जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून एक पाठ तयार करतात. त्यातला एक जण तो वर्गात घेतो आणि बाकीचे मागे उभे राहून मुलांच्या वह्यांत काय चालले आहे ते टिपतात. मग सगळे मिळून त्या पाठाची चिकित्सा करतात. पाठ-अभ्यासाची ही परंपरा तिथे शंभराहून अधिक वर्षांची आहे. स्टिगलर आणि हीबर्ट यांच्या १९९९ च्या पुस्तकामुळे जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. तिच्यातल्या दोन गोष्टी आपल्याला आज, कुठलाही शासननिर्णय न निघता, उचलता येतील. पहिली, तासाआधी मुले कोणकोणती उत्तरे देतील याचा अंदाज लिहून काढणे, चुकीच्या उत्तरांसह. दुसरी, चर्चेत शिक्षकाला नव्हे, पाठाला तपासणे. ‘मॅडमचा आवाज खणखणीत होता, फलकलेखन छान होते’ या शेऱ्यांनी कुणाचे गणित पुढे सरकत नाही. ‘तिसऱ्या बाकावरच्या मुलीने चौरस मोजायचे सोडून कडा का मोजल्या?’ या प्रश्नाने सरकते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत सूचना आणि आकडेवारी यांतून एक तास वाचवला, तर तो यासाठी पुरेसा आहे.

आता नव्या कल्पनांविषयी. नवी कल्पना म्हटली की डोळ्यांसमोर रंगीत साहित्य येते, नाहीतर झटपट गुणाकाराची युक्ती सांगणारा मोबाइलवरचा व्हिडिओ. साहित्य हवेच, पण अनेक शाळांत गणित पेटी कपाटात सुरक्षित असते, आणि बाहेर काढली तरी मणी आणि काड्या आपणहून काही शिकवत नाहीत. त्यांच्यासोबत चांगला प्रश्न लागतो. युक्तीने उत्तर लवकर येते, पण ती का चालते हे विचारण्याची सवय मोडते. या पुस्तकातल्या बहुतेक उपक्रमांना खडू-फळा पुरतो. नावीन्य आहे ते प्रश्नात. काही मासले इथेच देतो.

दशांश अपूर्णांकांत ३.१२ आणि ३.४ यांतला मोठा कोणता, असे विचारले की पुष्कळ मुले ३.१२ म्हणतात, कारण ४ पेक्षा १२ मोठे. या समजुतीला आपल्या रुपये-पैशांच्या उदाहरणांनी खतपाणीच मिळते: तीन रुपये बारा पैसे, तीन रुपये चार पैसे. इथे क्रिकेट उपयोगी पडते. ‘गोलंदाजाने आधी ४.३ षटके टाकली, नंतर २.४, एकूण किती?’ वर्गातली क्रिकेटवेडी मुले क्षणात ७.१ म्हणतील आणि वहीवर बेरीज करणारी ६.७. दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि भांडण होऊ द्या. ४.६ षटके असे कुणी का लिहीत नाही? षटकाचा ठिपका आणि दशांशचिन्ह यांत फरक काय? सहाच्या गठ्ठ्याने मोजणे आणि दहाच्या गठ्ठ्याने मोजणे यांतला भेद त्या भांडणातून जितका स्पष्ट होतो, तितका व्याख्येतून होत नाही.

सहावीतले मूल १/२ + १/३ = २/५ लिहिते. हे उत्तर खोडण्यापूर्वी त्याला गोष्ट सांगायला लावा. ‘पहिल्या दिवशी दोन पेनल्टींपैकी एक गोल, दुसऱ्या दिवशी तीनपैकी एक, मिळून पाचपैकी दोन.’ गोष्ट खरी आहे! हे उत्तर एका वेगळ्या प्रश्नाचे बरोबर उत्तर आहे. मग अर्धी भाकरी आणि एक-तृतीयांश भाकरी मिळून पाचातल्या दोन भागांएवढी, म्हणजे अर्ध्या भाकरीहूनही कमी होईल का, हे विचारा. कुठे बेरीज होते आणि कुठे गुणोत्तर एकत्र केले जाते, हा भेद आठवीपर्यंत पुरणारा आहे.

परिमिती वाढली की क्षेत्रफळही वाढते, असे एखाद्या मुलीने म्हटले, तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. तिला चौकटीचा कागद द्या. ४ बाय ४ चा चौरस: परिमिती १६, क्षेत्रफळ १६. ८ बाय २: परिमिती २०, क्षेत्रफळ पुन्हा १६. ९ बाय १: परिमिती २०, क्षेत्रफळ ९. एका विधानाला एक विरोधी उदाहरण पुरते, हा गणिताचा गाभा ती स्वतः शोधते. पुस्तकातले उदाहरण उलटे करण्याची सवय याच जातीची आहे. ‘लांबी ६, रुंदी ४, क्षेत्रफळ काढा’ याऐवजी ‘क्षेत्रफळ २४ येईल असे जितके आयत सुचतील तितके काढा’ म्हटले की तोच सराव होतो, वर विभाजकांचा धडा फुकट मिळतो आणि बहुवर्ग शाळेतला तिसरीचा व सातवीचा विद्यार्थी एकाच प्रश्नावर आपापल्या वकुबाने काम करू शकतात.

वजाबाकीच्या सरावासाठी देवळालीचे द. रा. कापरेकर यांच्यासारखा सोबती मिळणार नाही. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. त्यापुढे ६१७४ च येत राहते, आणि तिथे पोचायला सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत. वीस उदाहरणांचा गृहपाठ टाळणारी मुले यात आपणहून वीस वजाबाक्या करतात, आणि एखादी चुकली तर साखळी लांबू शकते, म्हणून स्वतःच मागे जाऊन तपासतात. तीन अंकांत ४९५ येते. दोन अंकांत मात्र ९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरते. या सगळ्या संख्या नऊच्या पाढ्यात का, हा आठवीच्या बीजगणिताचा सुंदर प्रश्न आहे. कापरेकर (१९०५–१९८६) हे शाळामास्तर होते. गणितातली पदव्युत्तर पदवी त्यांच्याजवळ नव्हती, आणि त्यांच्या काळातल्या बऱ्याच गणितज्ञांना त्यांचे संख्यांचे खेळ किरकोळ वाटले. १९४९ मध्ये शोधलेला हा स्थिरांक १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरातून जगापुढे नेला. शाळेत शिकवता शिकवता गणित करत राहणारा शिक्षक ही कल्पना आपल्याला परकी नाही, ती नाशिकजवळची आहे.

मराठीतून गणित शिकवताना आणखी एका अडचणीचे भान लागते. आपण ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी उच्चारतो आणि ५३ लिहिताना पाच आधी. म्हणून पहिली-दुसरीची मुले त्रेपन्न ऐकून ३५ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बावीसला ‘वीस दोन’ अशी जोड दिली गेली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी शांतपणे मुलांची अडचण समजावून सांगितली. संख्यानामे बदलावीत की नाही यावर मतभेद असू शकतात. पण तो वाद भाषेच्या अभिमानाभोवती जास्त फिरला. खरे तर आपल्या वर्गातली किती मुले कोणत्या संख्या उलट्या लिहितात, हे प्रत्येक शिक्षकाला एका श्रुतलेखनात कळू शकते. तेवढी नोंद प्रत्येक केंद्रात असती, तर वादाला पक्की जमीन मिळाली असती.

हे सगळे म्हणणे सोपे आहे, याची जाणीव आहे. द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता असतात, पोषण आहाराच्या नोंदी असतात, मतदार यादीचे काम असते, आणि माहिती ‘आजच’ भरायची असते. तरीही याच परिस्थितीत उदाहरणे घडली आहेत. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभे केले आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. पाहून परतल्यावर तिथल्यासारख्या फरशा रंगवणे सोपे होते, ते पुष्कळ ठिकाणी झाले. शिक्षकांनी आपसांत मुलांच्या शिकण्याविषयी बोलणे हा त्या कामाचा अवघड भाग होता, तो तितका पसरला नाही. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, पुण्याचे भास्कराचार्य प्रतिष्ठान, गणित अध्यापकांची मंडळे यांचा आधार आहे. पण बाहेरचा आधार शाळेतल्या संवादाची जागा घेऊ शकत नाही.

पुस्तक कसे वापरावे, याविषयी थोडे. ते हातात पेन्सिल घेऊन वाचा. प्रत्येक उपक्रम वर्गात नेण्याआधी स्वतः सोडवा, शक्य तर दोन रीतींनी. मुले काय उत्तरे देतील ते समासात लिहा. तास झाल्यावर जी उत्तरे अनपेक्षित निघाली तेवढीच नोंदवा. सगळ्या वर्गाचा अहवाल नको. ती नोंद शेजारच्या वर्गावरच्या बाईंना किंवा सरांना दाखवा. उपक्रम फसला तर टाकून देऊ नका, प्रश्नाची शब्दरचना बदलून पुन्हा घ्या. क्रमाने सगळे करण्याचीही गरज नाही.

मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांना एक विनंती आहे. शिक्षकाने महिन्यातून एक तास सहकाऱ्याच्या वर्गात मागे बसून मुलांच्या वह्या पाहिल्या, तर तो तास कामात धरा. धोरणातले ५० तास भरायला यापेक्षा चांगली जागा नाही. आणि शिक्षक वाचकांना एवढेच सांगायचे आहे: पुढच्या आठवड्यात एका वर्गात, एका प्रश्नावर, एका सहकाऱ्याला सोबत घेऊन सुरुवात करा. मुलांच्या चुकांची तुमची वही जसजशी भरत जाईल, तसतशी या पुस्तकाची गरज कमी होत जाईल, आणि ती तशी व्हावी यासाठीच ते लिहिले आहे.